मूळपद

घोटाळा एवढासाच झाला होता. कुणी मनावर घेण्यासारखाही नव्हता. डोंबिवलीतल्या त्या लहानशा देवळात सुहासिनीचं कीर्तन अगदी रंगात आलं होतं. गजेंद्राचा पाय मगरीने धरलेला, सरोवराचं पाणी लाल झालेलं, सोंडेत एकच कमळ उरलेलं आणि वैकुंठातून देव गरुडाचीही वाट न पाहता तसेच धावत निघालेले. पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते. देवाने हत्ती सोडवला. सुहासिनीने झांजा छातीशी धरल्या, डोळे मिटले, आणि आता फक्त मूळपदावर यायचं बाकी होतं. कीर्तनाच्या माणसाला हे सांगायला नको. सुरुवातीला जे पद घ्यायचं ते आधी उकलून दाखवायचं, मग मध्यंतरात गळ्यात हार पडतो, कपाळाला बुका लागतो, मग आख्यान. आणि आख्यान कितीही रानोमाळ हिंडून आलं तरी शेवटी त्याचे पाय त्याच पदाच्या उंबऱ्याला लागावे लागतात. नाहीतर म्हणतात, कीर्तन झालं खरं, पण घरी पोचलं नाही. सुहासिनी म्हणाली, "म्हणून तर माझे बाबा म्हणतात…" आणि थांबली.

सलिल पेटीवर होता. लग्न झाल्यापासून तो तिच्या पेटीवर होता. बँकेतली नोकरी ही त्याने दोन कीर्तनांच्या मधल्या वेळात केली, असं ती लोकांना हसत सांगायची. तिचा श्वास कुठे तुटतो, कुठे ती मुद्दाम थांबते, हे त्याच्या बोटांना त्याच्याआधी कळायचं. हे थांबणं मुद्दाम नव्हतं. तबल्यावर विनीतने ठेका तसाच चालू ठेवला होता, पाळण्याला झोका द्यावा तसा, मजेत. पण सलिलला धीर धरवला नाही. त्याने पदाची ओळ पेटीवर वाजवली, आणि वाजवता वाजवता तोंडातून शब्दही निसटले, "चुकलिया वाट, वाट तूंचि व्हावी!" पेटीपुढचा माईक चालू होता. त्याचा आवाज म्हणजे उन्हात तापलेला पत्रा. तो चारी कोपऱ्यांतून सभामंडपात कोसळला. माणसं हसली. सुहासिनीही हसली. "बघा मंडळी," ती म्हणाली, "गजेंद्राला देवाने सोडवलं, मला पेटीवाल्याने!" टाळ्या पडल्या, आरती झाली, सुंठवडा वाटला गेला. पण हसायच्या आधी क्षणभर तिने त्याच्याकडे पाहिलं होतं. परक्या गावच्या बाजारात आपल्याला कुणी नावाने हाक मारली तर माणूस वळून बघतो ना, तसं.

ते बघणं सलिलच्या अंगात कुठेतरी रुतून बसलं. घरी येऊन तिने उपरणं घडी करून ठेवलं, भात लावला, लेकीला फोन करून झाला प्रकार रंगवून सांगितला. लेकीचं नाव अंतरा. ते सलिलनेच ठेवलेलं, पेटीवाल्याच्या घरी दुसरं कुठलं नाव येणार! अंतरा फोनवर खदखदून हसली. सलिल हसला नाही. त्याला मागच्या आठवड्यातले वाल आठवले. सुहासिनी बाजारातून बिरड्यासाठी वाल घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली, पदर खोचला, आणि थोड्या वेळाने पिशवी घेऊन पुन्हा जाऊन पुन्हा वालच घेऊन आली. "स्वस्त होते रे," ती म्हणाली होती. दोघं दोन दिवस वाल सोलत बसले होते, नखं हिरवी होईपर्यंत. तेव्हा गंमत वाटली होती. आता त्याने हळूच विषय काढला, की डॉक्टरांना एकदा दाखवू या का. ती ताटं पुसत होती. "दाखवू की," ती म्हणाली. "शेलवण्याचं कीर्तन होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येते." ताट पुसून झालं होतं तरी ती पुसतच राहिली. शेलवणं म्हणजे बारवीच्या जंगलापलीकडचं खेडं; तिथलं दरवर्षीचं कीर्तन मार्गशीर्षातलं, आता तोंडावर आलेलं. सलिलच्या डोळ्यांसमोर ते देऊळ उभं राहिलं, भरलेलं अंगण, आणि मधोमध ही, झांजा छातीशी धरून, ओठ अर्धे उघडे. त्याने त्याच घटकेला ठरवलं, आपण जायचं आणि सांगून यायचं, यंदा नाही जमत. तिला न सांगता.

म्हणून रविवारी पहाटे त्याने सायकल काढली. ही सायकल अंतरानेच बाबांच्या निवृत्तीला घेऊन दिलेली. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, जाडसर खरबरीत टायर, डांबर सोडून कच्च्या रस्त्याला लागली की खूश होणारी. ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला. ग्रॅव्हल म्हणजे काय, असं सुहासिनीने विचारलं तेव्हा अंतरा म्हणाली, खडी. "म्हणजे ही खडीची सायकल," सुहासिनी म्हणाली होती, आणि संध्याकाळपर्यंत तिचं नाव खडीसाखर पडलं होतं. तेच नाव राहिलं. आजही सोफ्यावरून, शालीत पाय घेऊन, ती म्हणाली, "निघाली का खडीसाखर? कुठवर आज?" सलिल हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "बघू. बारवीच्या बाजूला." तिने मान हलवली. खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. जिना उतरताना सायकल खांद्यावर होती, आणि त्याला वाटत होतं की आपण घरातली एखादी वस्तू चोरून नेतोय.

एमआयडीसीचा तो ओळखीचा आंबूस वास नाकात होता तोवर शहर होतं. मग नेवाळी आली, उजवीकडे मलंगगडाचा सुळका धुक्यातून वर आला, नुसता, पायथा नसल्यासारखा, आणि वास कधी सुटला ते कळलं नाही. बदलापूरच्या अलीकडे एका टपरीवर त्याने चहा घेतला. आनंदबुवा, म्हणजे सुहासिनीचे वडील, इथून जाताना नेहमी म्हणायचे, जावईबापू, इथे पूर्वी घाटावर जाणारे लोक घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. खरंखोटं देव जाणे. पण कल्याणच्या बंदरातून माल उतरून बैलांच्या पाठीवर घाटाकडे जायचा तो ह्याच बाजूने, एवढं खरं. पुढे बारवीचं जंगल लागलं. डांबर संपलं, लाल मातीत बारीक खडी पसरलेला वनखात्याचा रस्ता सुरू झाला, आणि खडीसाखर बोलायला लागली. सावकाश चालवलं की दाताखाली खडीसाखर फुटावी तसा कुरुकुरू आवाज. उतारावर वेग आला की त्याच्याच चिपळ्या होतात. दोन्ही बाजूंना साग, त्याची पानं पापडासारखी वाळून वाटेवर पडलेली. मधूनच ऐनाचं खोड, मगरीच्या पाठीसारखं खवल्याखवल्यांचं. ऊन अजून झाडांच्या वरच होतं. खाली सगळं पाण्याखाली असावं तसं हिरवं, थंड. श्वास छातीत लयीत आला आणि मन सुटलं.

सुटलं ते थेट त्यांच्या पहिल्या शेलवण्याला गेलं. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. एसटी मुरबाडच्या पुढे बंद पडलेली, आनंदबुवा पुढे, त्यांच्यामागे सुहासिनी, आणि तिच्यामागे डोक्यावर पेटी घेतलेला नवा जावई. त्या वाटेवर बुवांनी ते पद रचलं. चालता चालता, ठेच लागली तेव्हा. खरोखर वाट चुकली होती. बुवा थांबले, अंगठ्याला माती लावली, आणि म्हणाले, चुकलिया वाट, वाट तूंचि व्हावी. देवा, मी वाट चुकलो तर तूच वाट हो, म्हणजे मग चुकायलाच नको. त्याच रात्री शेलवण्याला त्यांनी तेच मूळपद घेतलं, आणि पुढे तिथे बुवांच्या जागी सुहासिनी उभी राहायला लागल्यावर तिनेही दरवर्षी शेलवण्यात तेच घेतलं. कीर्तनानंतर, कंदिलाच्या उजेडात, बुवांनी सलिलला जवळ बोलावून सांगितलं होतं, "हात गोड आहे तुमचा. पण सुहासिनी गाते तेव्हा तुम्ही तिच्या अर्ध्या श्वासाने पुढे असता. साथ म्हणजे मागून येणं." सलिलला राग आला होता. पुढे नाही राहिलं तर सांभाळणार कसं? आणि सांभाळलंच ना त्याने, इतकी वर्षं? तिकिटं त्याने काढली, तारखा त्याने ठरवल्या, नको त्या ठिकाणांना नकार त्याने कळवला, तिला नावं घेताना अडखळायला झालं तर नावं त्याने पुरवली. किती पुरवली? कधीपासून पुरवतोय आपण? हा प्रश्न चाकाखालून खडा उडावा तसा उडाला आणि गुडघ्यावर लागला. आपण पुरवत गेलो म्हणून कळलं नाही का? की तिला कळत होतं, आणि ती आपल्याला पुरवू देत होती?

ह्या विचारात दोन वाटा फुटल्या तिथे तो कुठे वळला ते त्याच्या ध्यानात नाही. एक मोठा ऐन आला, बुंध्याला कुणीतरी नवसाचा लाल धागा गुंडाळलेला. छान वाटला. बराच वेळ गेला, एक ओहोळ गेला, चढ गेला, आणि पुन्हा एक ऐन आला, लाल धाग्याचा. सलिल हसला. पुन्हा पेडल मारले, मुद्दाम दुसऱ्या हाताला. ऊन झाडांतून खाली झिरपू लागलं, कुठेतरी सुतार पक्षी ठेका धरून होता, आणि ऐन परत समोर, लाल धाग्यासकट, कधीचा उभा असल्यासारखा. मोबाईलवर नकाशा उघडला तर नुसता हिरवा रंग आणि त्यात तो, एक निळा ठिपका, कशाच्याही शेजारी नसलेला. चकवा. शब्द आठवला आणि दिवसाढवळ्या मानेवर काटा आला. रानात माणसाला चकवा लागतो, तो चालत राहतो आणि तिथेच येतो. ओळखीची झाडं अनोळखी होतात, अनोळखी ओळखीची. तिला असंच होत असेल का? ओट्याशी उभी असताना, हातात वालाची पिशवी, आणि स्वयंपाकघर हे असं हिरवं, निनावी? त्याने सायकल आडवी टाकली. चकवा लागला तर चालू नये, बसावं, असं जुनी माणसं सांगतात. धावलं की तो जास्त फिरवतो. सलिल ऐनाला टेकून बसला. डब्यात तिने दिलेले दोन तिळाचे लाडू होते, त्यातला एक खाल्ला. काहीही केलं नाही. असं काहीही न करता तो केव्हा बसला होता ते त्याला आठवेना. पानं वाजत होती, कुणी त्यांना ओळ पुरवत नव्हतं. आणि मग, जरा वेळाने, डाव्या अंगाने बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. तो उठला, आवाजाच्या मागून हळूहळू निघाला. मागून. वाट तिथेच होती, करवंदीच्या जाळीपलीकडे.

शेलवणं तसंच होतं. कापलेल्या भाताची खाचरं, त्यांत ओलीवर पेरलेल्या वालांचे वेल, उन्हात पांढरं दिसणारं देऊळ, आणि पुढे काळी दीपमाळ. देवळाच्या डाव्या हाताला वीरगळ ओळीने उभे. कुठल्या काळचे वीर, कुठल्या लढाईत पडले, गावात कुणालाच ठाऊक नाही. दगडातले चेहरे झिजून सपाट झालेत; घोडा कुठला आणि माणूस कुठला, बोटाने चाचपावं लागतं. पण सणावाराला त्यांना तेल लागतं, हळदकुंकू लागतं, नैवेद्याचं पान ठेवलं जातं. आत्ताही ते तेलाने चमकत होते. सलिलने सायकल त्यांच्यापासून जरा लांब टेकवली. अंगणात सखुबाई शेण सारवत होत्या आणि पायरीवर धोंडीबा बसले होते, उत्सवाचे कारभारी, कानाला मफलर बांधून.

"आवं पेटीवाले!" धोंडीबा ओरडले. "आन् पेटी कुटं? सायकलीला बांधून आनली का काय?"

"नुसताच आलोय, धोंडीबाकाका."

"नुसतंच? आन् त्ये पन सायकलीवर? बँकेनं पेन्शन बंद केली का हो?"

"ऱ्हाव द्या ओ," सखुबाई हात न थांबवता म्हणाल्या, "गडी घामानं भिजलाय. दादा, बस. पानी पी आदी. ताई कशी हाय माजी?"

"बरी आहे," सलिल म्हणाला. तांब्यातलं पाणी गार होतं, तांब्याचीच चव असलेलं. तो पायरीसमोर दीपमाळेच्या चौथऱ्यावर बसला. वाक्य तयार होतं. डोंबिवलीपासून इथवर प्रत्येक चढाला त्याने ते घासून पुसून ठेवलं होतं. "काका," तो म्हणाला, "मी जरा सांगायला आलो होतो. यंदाच्या कीर्तनाचं…" आणि खिशातला फोन वाजला. ह्या गावात फोनला रेंज मिळते ती फक्त दीपमाळेच्या चौथऱ्यापाशी, हे विसरून तो नेमका तिथेच टेकला होता.

"सलिल," सुहासिनी म्हणाली, "पोचलास?"

"कुठे?"

"दीपमाळेपाशी. तिथेच तर लागतो फोन. बारवी म्हणालास तेव्हाच कळलं मला." तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "सांगितलंस त्यांना?"

सलिलने वीरगळांकडे पाहिलं. "नाही अजून."

"बरं. माझा राग नाही हं. सांगायचं असलं तर सांग. फक्त मला विचारून सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं."

"सुहास—"

"ताईचा हाय का?" सखुबाई शेणाचे हात तसेच वर धरून जवळ आल्या होत्या. "मोट्यानं कर की. आमाला ऐकू दे." सलिलने स्पीकर लावला, फोन चौथऱ्यावर ठेवला. "ताई! मी सकू! येताय नव्हं?"

"बघू या, सखुबाई. तुमचे पेटीवाले काय म्हणतात त्यावर आहे."

"त्यास्नी काय इचारायचं! पेटी कदी बोलती का!" धोंडीबा खोकल्यासारखे हसले. "म्हना ना ताई, उलीसं. कवापास्नं आवाज कानावर न्हाय."

"आत्ता? अहो, भाजी फोडणीला टाकत्ये मी."

"भाजीला पन ऐकू द्या."

फोनमधून हसू आलं. मग गॅस बंद केल्याचा खटका. मग तिचा तो श्वास, जो सलिलने हजारदा ऐकला होता. आणि त्या अंगणात, उन्हात, ओल्या सारवणावर, तिचा आवाज उतरला, "चुकलिया वाट…" वाट वरच्या पंचमावर लांबत गेली, गेली, आणि तिथेच राहिली. पुढे काही आलं नाही.

सलिलला ते थांबणं कळलं. तेच होतं. उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप उतरायला लागली होती, ओळ वाजवत. ओठ उघडले होते. त्याने बोटं मुठीत घेतली. एवढं अवघड त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. फोनमध्ये तिचं स्वयंपाकघर होतं, हिरवं, निनावी, आणि त्यात ती उभी होती. टेकवलेल्या सायकलचं पेडल कुणाचा तरी धक्का लागून उलटं फिरत होतं, टिक टिक टिक, विनीतच्या ठेक्यासारखं, मजेत. बसावं. चालू नये. देवा, असं मनात आलं, आणि पुढे काय मागावं ते सुचलं नाही.

"वाट तू पहावी," सखुबाईंनी ओळ उचलली. सारवणाकडे परत जाता जाता, पाठमोऱ्या, नाकात, जरा खालच्या पट्टीत. "चुकलिया वाट, वाट तू पहावी." पायरीवरून धोंडीबांनीही मान डोलवत तेच म्हटलं, पहावी.

सलिल चमकला. पद तसं नव्हतं. तूंचि व्हावी. वाट हो, असं होतं ते. वाट पहा, असं नव्हे. पहिल्या वर्षीच ह्यांनी ऐकताना चुकवलं असणार, आणि तेव्हापासून तसंच चालू. "भाताच्या आवनीला आमी ह्येच म्हनतो सगळ्या," सखुबाई म्हणाल्या, कुणी विचारलं नसताना. "चिखलात वाकून वाकून पाट मोडती, तवा बरं वाटतं. मानूस चुकंल न्हाय तर काय? देवानं वाट बगावी. जातोय कुटं त्यो?" सलिलने तोंड उघडलं आणि मिटलं.

"पहावी?" फोनमधून आवाज आला. लांबून, जंगलापलीकडून.

करवंदीत पाखरं किलबिलत होती. लग्न झाल्यापासून सलिलने तिला इतका वेळ दिला नव्हता. आणि मग सुहासिनीने ओळ घेतली, अगदी सुरुवातीपासून, शांतपणे, चुकलिया वाट, आणि पुढचे शब्द तिने सखुबाईंचेच घेतले, वाट तू पहावी. तिला मूळ शब्द आठवले होते आणि तिने हे आवडून घेतले, की आठवलेच नव्हते, हे सलिलला कळलं नाही. तो शोधत बसला नाही. ती गात होती. तेलाने चमकणारे ते झिजके वीर ऐकत असल्यासारखे उभे होते.

"तर काय सांगत व्हता तुमी?" धोंडीबांनी विचारलं. "यंदाच्या कीर्तनाचं?"

सलिलने तांब्यातलं उरलेलं पाणी संपवलं. "हेच, की आमच्या पद्धतीत कीर्तनकार एकटाच उभा असतो. मागे गायला कुणी नसतं." त्याने तांब्या खाली ठेवला. "यंदा तिच्या मागे माणसं हवीत, काका. पद धरायला. ती थांबली तर थांबू द्यायचं, आणि मग धरायचं. मी सांगणार नाही केव्हा. तुमचं तुम्ही."

"मान्सांचा काय तोटा," धोंडीबा म्हणाले, आणि मफलर सोडून पुन्हा बांधला. "समदा गाव हाय. सकू, तू पुडं ऱ्हा गं."

"मी मागंच बरी," सखुबाई म्हणाल्या.

सलिलने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या श्वासावरून कळत होतं. फोडणी पुन्हा चर्र झाली. ह्यानंतर डॉक्टर होते, आणि त्यानंतर काय होतं ते नकाशातल्या हिरव्या रंगासारखं होतं, त्यात एक ठिपका.

"निघतो आता," तो म्हणाला.

"नीघ. आणि जंगलातून नको येऊस रे. डांबरी रस्त्याने ये. तू चुकतोस."

"आणि चुकलो तर?"

पलीकडे ती थांबली. सलिल दीपमाळेला टेकून उभा राहिला, हातात हेल्मेट, आणि त्या थांबण्यात त्याने काहीही भरलं नाही.